छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रे आणि व्हिडिओ कसे घ्यावेत : गड्ड्याच्या यात्रेपासून यंत्रमागापर्यंत

हातात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो आणि कपाटात ठेवलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी वर्षानुवर्षे चार्ज होत नाही. वास्तविक या कॅमेऱ्याकडे तीन गोष्टी अशा आहेत, ज्या बहुतेक साध्या मोबाइलमध्ये मिळत नाहीत : भिंगे प्रत्यक्ष पुढेमागे सरकून होणारा ऑप्टिकल झूम, क्षणार्धात लख्ख उजेड टाकणारा खरा फ्लॅश आणि तळाशी असलेला पाव इंची आटा, ज्यावर बाजारातील जवळजवळ कोणताही ट्रायपॉड बसतो. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत दूरवरचा नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच मानाची काठी) जवळ दिसावा किंवा मागावर विणल्या जाणाऱ्या चादरीचा दहा मिनिटांचा स्थिर व्हिडिओ घ्यावा असे वाटत असेल, तर हा कॅमेरा आजही उत्तम काम देतो.

मात्र त्याची एक मर्यादा आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघतात. बहुसंख्य छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, 1/2.3 इंच या मापाचा असतो. म्हणजे प्रत्यक्षात तो सुमारे 6.2 मिलिमीटर लांब आणि 4.6 मिलिमीटर रुंद असतो. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यातील 36 बाय 24 मिलिमीटरच्या सेन्सरशी तुलना केली, तर हे क्षेत्रफळ जेमतेम तिसावा भाग भरते. एवढ्याशा जागेवर प्रकाशही थोडाच पडतो. तो कमी पडू लागला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवतो, आणि चित्रात रंगीत ठिपके, पुसट कडा व मेणासारखी गुळगुळीत त्वचा दिसू लागते. म्हणून चांगला उजेड शोधणे आणि कॅमेरा स्थिर धरणे, ही दोन कामे महागड्या कॅमेऱ्याच्या मालकापेक्षा आपल्याला अधिक मनापासून करावी लागतात.

बाहेर पडण्यापूर्वी

कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ बरोबर आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. बॅटरी बराच काळ रिकामी राहिली, की घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि नंतर छायाचित्रांचा क्रम लावताना डोके धरून बसण्याची वेळ येते. मेमरी कार्ड विकत घेताना कॅमेऱ्याचे वय लक्षात घ्यावे : अगदी जुने कॅमेरे केवळ 2 जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डे ओळखतात, त्यानंतरचे 32 जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि अलीकडचे त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डे चालवतात. व्हिडिओसाठी कार्डावर किमान ‘क्लास 10’ची खूण असावी, ती सेकंदाला किमान 10 मेगाबाइट लिहिण्याचा वेग दर्शवते. जुनी छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, संगणकावर नव्हे.

धरण्याची आणि बटण दाबण्याची रीत

एका हाताने, कोपर हवेत ठेवून काढलेले छायाचित्र हलते. कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि शक्य असल्यास खांब, कठडा किंवा भिंत यांचा आधार घ्यावा. शटरचे बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. अर्धे दाबल्यावर कॅमेरा फोकस आणि प्रकाशाचे मोजमाप करतो, पडद्यावर हिरवी चौकट येते. त्यानंतरच बोट हळुवारपणे पूर्ण दाबावे. या एका सवयीने जितकी छायाचित्रे सुधारतात, तितकी दुसऱ्या कोणत्याही युक्तीने सुधारत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. कॅमेरा कठड्यावर किंवा ट्रायपॉडवर ठेवला असेल, तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या दाबाचा धक्काही चित्रात उतरत नाही.

डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करून टाकावा. तो केवळ चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो, आणि ते काम नंतर संगणकावर अधिक चांगल्या रीतीने करता येते.

पांढरी बाराबंदी आणि कॅमेऱ्याचा गोंधळ

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि मानकरी व भाविक पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा) घालून चालतात. हे दृश्य जितके देखणे, तितकेच ते कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजमापाला अवघड आहे. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकट पांढऱ्या वस्त्रांनी भरली असेल, तर तो चित्र गडद करतो आणि बाराबंदी मळकट करडी दिसते. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) अधिक 0.7 ते अधिक 1 इतके वाढवावे. उलट सावलीतल्या काळसर गर्दीसमोर पांढऱ्या वस्त्रातील एकच व्यक्ती उन्हात उभी असेल, तर कॅमेरा सावलीला भुलून सगळे उजळ करतो आणि वस्त्राच्या चुण्या पूर्ण पांढऱ्या होऊन नाहीशा होतात. तेथे उणे 0.7 घ्यावे. सावलीतला काळोख नंतर संगणकावर थोडा तरी उजळवता येतो, परंतु जळून पांढरा झालेला भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही, म्हणून संभ्रम असेल तेव्हा उणे बाजूला झुकावे. पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळोख-उजेडाचा आलेख, दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन धडकला, की काहीतरी जळले आहे असे समजावे.

भुईकोट किल्ल्याचे काळसर बुरूज चौकटभर घेताना हेच गणित उलटे होते : कॅमेरा दगड फिकट करतो, म्हणून उणे बाजू घ्यावी. तलावात उभे असलेले सिद्धेश्वर मंदिर टिपताना मोजमापापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. सकाळी किंवा उतरत्या दुपारी ऊन तिरपे असते आणि शिखराला उठाव येतो. वारा पडलेला असेल तर पाण्यात प्रतिबिंबही सापडते. काठावरून पूर्ण झूम करून घेतलेले छायाचित्र उन्हाळ्यातील भर दुपारी कितीही स्थिर धरले तरी अस्पष्ट येते, कारण तापलेल्या हवेचे थर प्रकाशाला हलवत राहतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट टिपू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवून सूर्योदयानंतरचा पहिला तास साधावा.

फ्लॅशविषयी थोडक्यात सांगायचे, तर छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरपलीकडे उपयोगी पडत नाही. रात्रीच्या मिरवणुकीत तो पुढच्या माणसाची पाठ तेवढी उजळतो, आणि हवेतली धूळ व धूर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने चित्रात येतात. भर उन्हात टोपीखाली किंवा पदराखाली गडद झालेला चेहरा उजळण्यासाठी मात्र फ्लॅश मुद्दाम सक्तीने चालू करावा.

मागावरचे चित्रण

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचे चित्रण करणे हे या शहरातल्या छायाचित्रकाराचे, मग तो हौशी का असेना, खास स्वतःचे क्षेत्र आहे, आणि मला वाटते त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कारखान्यात शिरण्यापूर्वी मालकांची आणि मागावर काम करणाऱ्यांची परवानगी घ्यावी. नक्षी ही त्यांची मिळकत असते. ती कोठे प्रसिद्ध होणार आहे, हे त्यांना आधी सांगावे. चालत्या मागाजवळ गळ्यातला पट्टा, ओढणी किंवा उपरणे लोंबकळत ठेवू नये.

येथे पहिली अडचण उजेडाची असते. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि अनेक स्वस्त एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला, तर प्रत्येक चौकटीत ही लहर पूर्ण सामावते आणि उजेड समान राहतो. मात्र धावता धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) गोठवायचा असेल, तर 1/500 सेकंदाच्या आसपासचा वेग लागतो, आणि त्या वेगात अशा दिव्यांखाली चित्रावर गडद पट्टे येण्याची शक्यता असते. यावर उपाय एकच : खिडकीजवळचा किंवा दाराजवळचा माग निवडावा आणि दिवसाच्या उजेडात काम करावे. शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय नसेल, तर खेळांसाठी दिलेला स्पोर्ट्स मोड वापरावा. धोटा धूसर आणि कापड स्थिर, असे गतीचे चित्र हवे असेल, तर ट्रायपॉडवर 1/30 सेकंदाचा वेग पुरतो, आणि माझ्या मते मागाची खरी लय अशाच चित्रात दिसते.

चादर विक्रीसाठी टिपायची असेल, तर रंग जसाच्या तसा यायला हवा. लाल किंवा हिरव्या रंगाने चौकट भरली, की स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणारी सोय) फसतो. त्याच उजेडात पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावावा, आणि खिडकीचा उजेड व ट्यूबलाइट एकत्र येऊ देऊ नयेत. उजेड बाजूने येऊ द्यावा. समोरून फ्लॅश मारला, की टॉवेलचे उभे फासे आणि चादरीची वीण सपाट दिसते. बारीक विणीवर काही वेळा पाण्याच्या लाटांसारखे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. विणीची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडल्याने ते तयार होतात. दोन पावले पुढे-मागे झाले, कॅमेरा किंचित तिरका केला किंवा झूम बदलला, की बहुतेक वेळा ते निघून जातात.

हवेत उडणारे सुताचे तंतू हा कॅमेऱ्याचा खरा शत्रू आहे. भिंग आत-बाहेर सरकताना ते तंतू नळीत ओढले जातात, म्हणून आत गेल्यावर कॅमेरा सारखा बंद-चालू करू नये. बाहेर आल्यावर आधी हाताच्या छोट्या पंपाने हवा मारावी आणि मगच मऊ कापडाने भिंग पुसावे. तोंडाने फुंकर घातल्यास थुंकीचे कण बसतात.

व्हिडिओ

व्हिडिओसाठी मेनूत पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 25 किंवा 50 चौकटी, निवडावी. 30 किंवा 60 चौकटींच्या चित्रणात आपल्या दिव्यांखाली लुकलुक येऊ शकते. पडदा अनेकदा 4:3 प्रमाणाचा असतो आणि व्हिडिओ 16:9 असतो, त्यामुळे वर-खालचा भाग कापला जाणार हे धरूनच चौकट बांधावी. उंच नंदीध्वज आडव्या चौकटीत बसत नसेल, तर मागे सरकावे. कॅमेरा वरून खाली झुलवू नये. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद न हलता घ्यावे. चित्रण चालू असताना झूम केला, तर अनेक कॅमेऱ्यांत मोटारीचा आवाज नोंदला जातो, म्हणून आधी झूम ठरवावा आणि मग लाल बटण दाबावे.

आवाज हा या कॅमेऱ्यांचा सर्वांत दुबळा भाग आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात माइकने टिपलेला आवाज फाटतो. विणकराची मुलाखत तेथेच घेण्याऐवजी शेजारच्या खोलीत घ्यावी, आवाजासाठी मोबाइल त्यांच्या जवळ ठेवून वेगळी नोंद करावी आणि दोन्ही नोंदी नंतर जुळवता याव्यात यासाठी सुरुवातीला एक टाळी वाजवावी.

सेकंदाला 16 मेगाबिट या दराने तासाभराच्या व्हिडिओला सुमारे 7 जीबी जागा लागते. अनेक कॅमेरे एका वेळी अर्ध्या तासापेक्षा किंचित कमी काळच चित्रण करतात आणि 4 जीबी झाल्यावर नवी फाइल उघडतात. तो बिघाड नव्हे. महत्त्वाचा विधी येण्याआधी स्वतःहून थांबवून पुन्हा चालू करावे, म्हणजे नेमक्या क्षणी खंड पडणार नाही.

यात्रेतल्या शोभेच्या दारूकामासाठी ट्रायपॉड, फ्लॅश बंद आणि फायरवर्क्स मोड एवढे पुरेसे आहे. त्या मोडमध्ये शटर काही सेकंद उघडे राहते, फोकस दूरवर स्थिर होतो आणि प्रकाशरेषा पूर्ण उमटतात.

उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान 40 अंशांच्या वर जाते, तेव्हा बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये. लिथियम बॅटरीचे आयुष्य त्या उष्णतेने घटते. कॅमेरा बराच काळ वापरणार नसाल, तर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवावी. घरी आल्यावर त्याच दिवशी सर्व फाइल संगणकावर आणि शिवाय एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात, दोन्ही ठिकाणी एक-दोन फाइल उघडून पाहाव्यात, आणि मगच कार्ड फॉरमॅट करावे.