इंटर्नशिपला जाताय? आधी हे उरकून घ्या

सर्वात आधी एक कागद घ्या आणि लिहा: इंटर्नशिप संपेल त्या दिवशी माझ्या हातात काय असायला हवं? सर्टिफिकेट सोडून. ते सगळ्यांनाच मिळतं आणि मुलाखत घेणारा त्याच्याकडे धड बघतही नाही. तो विचारतो, "तिथे नेमकं काय केलंस?" आणि लगेच, "मग असंच का केलंस?" या दोन प्रश्नांवर पाच-दहा मिनिटं अडखळल्याशिवाय बोलता येईल एवढं काम, आणि कुणी फोन केला तर "हो, पोरगी कामाची आहे, घ्या" असं सांगणारा एक वरिष्ठ माणूस. इंटर्नशिपमधून नोकरी लागते ती या दोन गोष्टींवर. प्लेसमेंटच्या कामात मुलांचे सीव्ही आणि अर्ज बघून माझं मत असं पक्कं झालंय. खालची सगळी तयारी याच दोन गोष्टींसाठी आहे.

मग जागा निवडा. मोठ्या कंपनीचं नाव सीव्हीवर शोभतं हे खरं. पण तिथे लॅपटॉप आणि लॉगिन हातात पडेपर्यंतच पंधरवडा जाऊ शकतो, आणि उरलेले दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून बघण्यात. याउलट कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) किंवा नाशिकमधल्या अंबडच्या मशीन शॉपमध्ये क्वालिटीचा माणूस पहिल्याच आठवड्यात रिजेक्शनचं रजिस्टर पुढ्यात टाकतो. कोणत्या शिफ्टला, कोणत्या पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला), ब्लोहोलमुळे (वायूच्या पोकळीमुळे) किती कास्टिंग गेली आणि श्रिंकेजमुळे (धातू आकसल्यामुळे) किती, हे तीन महिन्यांच्या नोंदींवरून काढा म्हणतो. हे काम करून आलेल्या मुलाला पुण्यातल्या मुलाखतीत बोलायला विषय शोधावा लागत नाही. मोठ्या कंपनीचा खरा फायदा एकच: चांगल्या इंटर्नला कोर्स संपायच्या आत पीपीओ, म्हणजे नोकरीची आगाऊ ऑफर, द्यायची पद्धत तिथे ठरलेली असू शकते. म्हणून अर्जाआधी सीनियरना गाठून सरळ विचारा, गेल्या वर्षी किती इंटर्न घेतले आणि त्यातले किती ठेवले. एचआरला विचारलंत तर गुळमुळीत उत्तर मिळेल.

जागा खरी आहे का, हेही बघा. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा, जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, ऑफिस कुठे आहे ते नकाशावर बघा. कुणी रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा "ट्रेनिंग कम इंटर्नशिप"चे पैसे मागितले तर ती इंटर्नशिप नव्हे, तो क्लास आहे. क्लास लावायचा तर क्लास म्हणून लावा, हरकत नाही. पण त्याच्या कागदाला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नसते.

सरकारी योजनांबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडक्यात. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना (वय २१ ते २४, बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,०००) पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली नव्हती. त्याच वर्षीच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही, जिथे पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरलं, शिक्षण चालू असलेल्यांना प्रवेश नव्हता. थोडक्यात, कॉलेजात असताना या दोन्हींच्या मागे धावू नका. डिग्री झाल्यावर त्या वेळचे नियम वाचून बघा. सीए करणाऱ्यांचं गणित वेगळं. २०२३ च्या नव्या रचनेपासून त्यांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, तिला इंटर्नशिपच्या तराजूत तोलू नये.

वेळेचं नियोजन कोर्सप्रमाणे. इंजिनीअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांत शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपसाठी मोकळं देतात, म्हणजे जानेवारीत रुजू व्हायचं तर शोध दिवाळीच्या आधी सुरू हवा. एमकॉम, एमएस्सी, एमएच्या पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आले आहेत. क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास भरतात. रोज सहा तास काम केलं तर वीस दिवसांत संपतं. इथेच बरीचशी मुलं फसतात, वीस दिवस भरून शिक्का घेऊन मोकळी होतात. पहिले वीस दिवस तर ऑफिसची माणसं तुम्हाला जोखत असतात, खरं काम त्यानंतर हातात पडतं. क्रेडिटपुरते तास कॉलेजला दाखवा, पण जागा मागताना अख्खी उन्हाळ्याची सुट्टी मागा.

सीव्ही एका पानाचा. त्यात "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड" या ओळी काढून टाका, कारण आळशी आणि अप्रामाणिक माणूसही हेच लिहितो. "एक्सेलचे ज्ञान" असं लिहिण्यापेक्षा "काकांच्या दुकानाच्या दोन वर्षांच्या उधारीची एक्सेलमध्ये पार्टीनिहाय यादी केली, नव्वद दिवसांवरची थकबाकी वेगळी काढली" असं लिहा. दुकान छोटं असलं म्हणून बिघडत नाही. ईमेल पाच-सहा ओळींचा: मी कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळा आहे, तुमच्याकडचं कोणतं काम शिकायचंय, सोबत काय जोडलंय. "रिस्पेक्टेड सर/मॅडम" आणि खाली तोच मजकूर चाळीस जणांना, हे समोरच्याला लगेच कळतं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यावरही उत्तर नाही आलं तर फोन, तोही दुपारच्या जेवणानंतर.

कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, ऑफर आल्यावर धावपळ नको. कॉलेजचं बोनाफाईड आणि एनओसी (ना-हरकत पत्र), आधार, पॅन, मार्कशीट, फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक. कारखान्यात जायचं असेल तर फिटनेस सर्टिफिकेट आणि स्वतःचे सेफ्टी शूज, कंपनी देईलच असं नाही. एक बारीक गोष्ट: आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पॅनवर नंतर, आणि आधारवर कधी वडिलांचं नावच गायब असतं. एचआरच्या संगणकाला तिन्ही माणसं वेगळी वाटतात. दुरुस्तीला आठवडे लागतात. बँक खातंही तपासा. बऱ्याच जणांचं स्कॉलरशिपसाठी शाळेत उघडलेलं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं असतं आणि ते स्टायपेंड जमा व्हायच्या दिवशी कळतं.

ऑफर लेटर आलं की त्यात तारखा, रोजचे तास, स्टायपेंड आणि कुणाच्या हाताखाली काम, या चार गोष्टी आहेत का बघा. नसतील तर ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. स्टायपेंड किती, हे विचारायला लाजू नका. काही ठिकाणी त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, फक्त पॅन बरोबर दिलेला असला पाहिजे.

पैशांचा हिशोब घरच्यांसोबत बसून करा. पहिला स्टायपेंड पुढच्या महिन्यात येतो, कधी दहा तारखेनंतर. तोवरची मेस, प्रवास आणि खोलीचं डिपॉझिट यांची सोय आधी हवी. पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) राहताना भाडं बघण्याआधी नकाशा बघा. काम हिंजवडीला असेल तर वाकड-ताथवडे, चाकणला असेल तर मोशी-भोसरी. कर्वेनगरात कॉट स्वस्त मिळाली म्हणून तिथे राहून हिंजवडीच्या फेज तीनला रोज जा-ये करणारा मुलगा महिनाभरात गळपटतो आणि ऑफिसात उशिरा येणारा म्हणून ओळखला जातो. मुलींनी गावी जायला एसटी लक्षात ठेवावी, तिकीट निम्मं पडतं.

आता मुख्य तयारी: जाण्याआधीच्या महिन्यात नेमकं काय शिकून घ्यायचं. सगळं नाही, तिथे रोज लागणारी एकच गोष्ट. उदाहरण कर सल्लागाराच्या ऑफिसचं घेऊ, बीकॉमची मुलं बरीच तिथे जातात. तिथलं महिन्याचं घड्याळ ठरलेलं असतं: मासिक रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ तारखेपर्यंत, २बी (पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून पोर्टलवर बनणारी आपल्या खरेदीची यादी) तयार होतं १४ ला, आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) भरायचं २० पर्यंत. १४ ते २० मध्ये ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते, कारण टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली खरेदी २बीशी जुळवायची असते. २०२२ पासून जे बिल २बीत नाही त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, म्हणून क्लायंटचे थेट पैसे यात अडकलेले असतात. नवा मुलगा बिल नंबरवर व्हीलूकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं एक्सेलचं सूत्र) लावतो आणि निम्म्या ओळींत एरर येतो. कारण टॅलीत कुणी "४५" टाकलंय आणि पुरवठादाराने "०४५/२४-२५" असं भरलंय. जो मुलगा जीएसटी नंबर आणि साफ केलेला बिल नंबर जोडून नवा रकाना करतो, तो पहिल्याच महिन्यात नजरेत भरतो. आणि जो पुढे जाऊन न जुळलेली बिलं वेगळी लावतो, म्हणजे कुणी रिटर्न भरलेलंच नाही, कोण तिमाही भरणारा असल्याने बिल पुढे दिसेल, कुठे मालवाहतुकीचं भाडं धरल्यामुळे रकमेत फरक आहे, त्याला साहेब क्लायंटशी फोनवर बोलायला बसवतात. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती आणि एक्सेल घेऊन याचा सराव घरी करता येतो, खोटी पन्नास बिलं आपणच बनवायची. तुमच्या क्षेत्रातलं असं रोजचं काम कोणतं, हे तिथे काम करणाऱ्या एखाद्या दादाला-ताईला विचारून घ्या. सिलॅबसमध्ये ते सापडायचं नाही.

रुजू झाल्यावर एक वही ठेवा. रोज तीन ओळी: काय दिलं, काय केलं, कुठे अडलं. कॉलेजच्या लॉगबुकसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री हीच वही उपयोगी पडते. वहीत आकडे लिहा, पण कंपनीच्या फाइल, ड्रॉइंग, क्लायंटची नावं घरी नेऊ नका. काही प्लांटमध्ये गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तो गुपचूप काढून फोटो घेणाऱ्याची इंटर्नशिप त्याच दिवशी संपू शकते. अडलं तर अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, मग विचारा, आणि विचारताना "मी हे-हे करून बघितलं" असं सांगा.

शेवटच्या तीन आठवड्यांत तोंड उघडायचं असतं, आणि इथे आपली मुलं संकोच करतात. "सर, इथे पुढे जागा निघणार आहे का? मला काम करायला आवडेल," एवढं एक वाक्य. नाही म्हणाले तर त्यांच्या ओळखीत कुठे लागेल का, हे विचारा. साहेब स्वतः एखादा फोन करू शकतात, आणि त्या फोनचं वजन नोकरीच्या पोर्टलवरच्या शंभर अर्जांना येत नाही. केलेल्या कामाचं दहा मिनिटांचं सादरीकरण द्यायची परवानगी मागा, कुणी सांगितलं नसलं तरी. शिफारसपत्र मागताना कामाचे चार मुद्दे स्वतः लिहून द्या, नाहीतर तेच छापील "मेहनती आणि प्रामाणिक" हातात पडेल. सर्टिफिकेटवर तारखा आणि विभागाचं नाव तपासा. आणि कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म, तास भरून, सही-शिक्क्यासह, साहेब रजेवर जायच्या आत घ्या. मे महिन्यात ते हमखास जातात.