जिओकॅशिंग : डबी शोधावी कशी, ठेवावी कशी

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. जीपीएसची अचूकता सर्वांसाठी खुली होताच 3 मे 2000 रोजी अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली. खेळाच्या अ‍ॅपमध्ये दिलेल्या डबीच्या अक्षांश-रेखांशांवरून निघावे. मात्र शेवटच्या काही मीटरांत अ‍ॅपमधला दिशादर्शक बाण भरकटतो, तेव्हा नजरेवरच भिस्त ठेवावी. मराठवाड्याच्या माळावर दगडाखाली थेट हात घालू नये. आधी काठीने दगड उलथावा, कारण खाली विंचू असू शकतो. डबीतल्या वहीत नाव व तारीख लिहून डबी होती तशीच झाकावी. अनोळखी शोधकासाठी कोरडी वही आणि टोक काढलेली पेन्सिल ठेवणाऱ्या या मंडळींचा आपलेपणा मला फार मोलाचा वाटतो. म्हणून वहीला ओल आलेली दिसल्यास डबी ठेवणाऱ्याला जरूर कळवावे. स्वतः डबी ठेवताना जमीनमालकाची परवानगी घ्यावी, डबी जमिनीत पुरू नये आणि देवगिरीसारख्या संरक्षित किल्ल्यात तर मुळीच ठेवू नये.