हेल्थ पॉलिसी पोर्ट करताय? जुनी वर्षं वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

माझ्या मावशीची आरोग्य विम्याची पॉलिसी ९ वर्षं जुनी होती. हप्ता दरवर्षी वाढत चालला, म्हणून तिने कंपनी बदलली. नव्या कंपनीचा एजंट ओळखीतलाच. घरी आला, सह्या घेऊन गेला, हप्ताही कमी झाला. १४ महिन्यांनी डावा गुडघा बदलायची वेळ आली आणि क्लेम नामंजूर झाला. कारण दिलं होतं: या शस्त्रक्रियेला २ वर्षांचा वेटिंग पिरियड (क्लेम करता येत नाही असा सुरुवातीचा काळ) आहे आणि तुमची पॉलिसी १ वर्षाची आहे. "अगं, पण मी ९ वर्षं पैसे भरलेत ना?" मावशी मला विचारत होती. भरले होते, पण नव्या कागदांवर ती ९ वर्षं कुठेच नव्हती. एजंटने पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जुनी वर्षं सोबत घेऊन कंपनी बदलण्याचा, अर्ज भरलाच नव्हता, सरळ नवीन पॉलिसी काढली होती.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी पॉलिसी बदलायला निघालं, की मी आधी त्यांचे कागद मागून घेते. बहुतेक घोळ त्याच चार-पाच ठिकाणी होतात.

नवी पॉलिसी घेणं म्हणजे पोर्ट करणं नव्हे

भारतात ऑक्टोबर २०११ पासून आरोग्य विमा एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट करता येतो. पोर्ट केल्यावर जुन्या पॉलिसीत काढलेला वेटिंग पिरियड नव्या कंपनीला वजा करून द्यावा लागतो. समजा, तुमच्या डायबेटिससाठी नव्या पॉलिसीत ३ वर्षांची अट आहे आणि जुन्या पॉलिसीत तुमची सलग २ वर्षं झाली आहेत. मग राहिलं १ वर्ष. ३ किंवा त्याहून जास्त झाली असतील, तर काहीच राहिलं नाही. पॉलिसीच्या सुरुवातीचा ३० दिवसांचा थांबाही पुन्हा लागत नाही.

हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. प्रपोजल फॉर्मसोबत पोर्टेबिलिटीचा वेगळा फॉर्म असतो. त्यात जुन्या कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, कोण कधीपासून कव्हरमध्ये आहे, हे लिहायचं असतं. तो फॉर्म तुम्ही डोळ्यांनी पाहिला नसेल, तर पोर्टिंग झालेलं नाही असं समजा आणि कंपनीला थेट मेल करून विचारा. एजंट प्रामाणिक असला तरीही विचारा. नवीन पॉलिसी झटपट निघते, पोर्टिंगला कागद आणि वेळ लागतो, आणि घाईत सोपा रस्ता धरला जातो.

तारखेच्या आठवड्यात धावपळ

पोर्टिंग फक्त नूतनीकरणाच्या वेळी करता येतं, वर्षाच्या मध्ये नाही. २०२४ च्या नियमांनुसार जुन्या कंपनीने तुमची माहिती ७२ तासांत द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा. म्हणून लोक शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत थांबतात. पण मध्येच वैद्यकीय तपासण्या निघतात, जुने डिस्चार्ज पेपर मागितले जातात, जन्मतारखेतली एखादी चूक दुरुस्त करावी लागते. दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

तारीख चुकलीच, तर वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांची आणि महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. या काळात हप्ता भरला तर जुनी वर्षं टिकतात. मात्र वार्षिक पॉलिसीत हप्ता भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत आजारपण आलं, तर त्या खर्चाला संरक्षण नसतं. सवलतही उलटून गेली, तर सगळी मोजणी शून्यापासून.

नव्या कंपनीचा होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. पोर्टिंगचा अर्ज करणं हा तुमचा हक्क आहे, पण तुम्हाला घ्यायचं की नाही हे नवी कंपनी ठरवते. वय, आजार, आधीचे क्लेम बघून ती नाही म्हणू शकते. तसं झालं तर जुन्या कंपनीत वेळेवर हप्ता भरा. आधी क्लेम घेतले म्हणून तिला नूतनीकरण नाकारता येत नाही.

रक्कम वाढवली की वाढीव भाग नवा

हा मुद्दा समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि इथेच मोठ्या रकमा अडकतात.

जुनी पॉलिसी ५ लाखांची, त्यावर १ लाख बोनस (क्लेम न केल्याबद्दल वाढलेली कव्हरची रक्कम) साठलेला. पोर्ट करताना तुम्ही १० लाखांचं कव्हर घेतलं. तुम्हाला वाटतं, आपली ४ वर्षं झालीत, आता १० लाख मोकळे. तसं नसतं. जुन्या वर्षांचा फायदा जुन्या रकमेला, म्हणजे बोनस धरून ६ लाखांना मिळतो. वरच्या ४ लाखांसाठी वेटिंग पिरियड नव्याने सुरू होतो. जुन्या ब्लडप्रेशरशी जोडलेलं हृदयाचं ऑपरेशन पहिल्याच वर्षी निघालं आणि बिल ८ लाख झालं, तर ६ लाखांपर्यंतच मागता येतील.

म्हणून रक्कम वाढवू नका असं मी म्हणत नाही. उलट, जितक्या लवकर वाढवाल तितका वाढीव भागाचा काळ लवकर संपेल. फक्त बोनसची रक्कम पोर्टिंगच्या अर्जात लिहायला विसरू नका. ती लिहिली नाही, तर ६ लाखांऐवजी ५ लाखच धरले जाण्याची भीती असते.

फ्लोटरमध्येही, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीतही, असंच माणसागणिक मोजलं जातं. नवरा २०१८ पासून, बायको २०२१ पासून, सासूबाई गेल्या वर्षीपासून कव्हरमध्ये असतील, तर प्रत्येकाची तारीख वेगळी. पॉलिसी कितीही जुनी असो, सासूबाईंच्या खात्यात एकच वर्ष.

"जुन्या कंपनीला सगळं माहीत आहे"

असेलही, पण नवी कंपनी तुमची तब्येत नव्याने तपासते. जुनी पॉलिसी चालू असताना तिसऱ्या वर्षी थायरॉइड निघाला असेल, तर तोही सांगायचा. आधीच्या क्लेमची माहिती नव्या कंपनीकडे जातेच, त्यामुळे लपवून काही साधत नाही, उलट पॉलिसी रद्द व्हायला निमित्त मिळतं.

एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त ३ वर्षांचा वेटिंग पिरियड ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४ वर्षांची होती. सलग ६० महिने पूर्ण झाले, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. या ६० महिन्यांत पोर्ट करण्यापूर्वीची वर्षंही धरली जातात, मात्र वाढीव रकमेसाठी मोजणी वाढवल्या तारखेपासून होते.

नोकरी सोडताना

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतली वर्षंही वाचवता येतात, पण हालचाल नोकरी सुटण्याआधी करावी लागते. ठरलेला रस्ता असा: ज्या विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, तिच्याचकडे आधी वैयक्तिक पॉलिसीत जायचं, आणि वर्षभराने हवं तर दुसरीकडे पोर्ट करायचं. एचआरकडून कंपनीचं नाव आणि घरातल्या प्रत्येकाची कव्हर सुरू झाल्याची तारीख लेखी घ्या. निरोप समारंभानंतर तिथे फोन उचलणारं माणूस मिळेलच असं नाही. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली वर्षं मात्र अशी पोर्ट होत नाहीत.

पोर्टिंगमध्ये वर्षं येतात, जुन्या अटी येत नाहीत. खोलीच्या भाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला आपल्या खिशातून भरायचा वाटा), हॉस्पिटलांची यादी, सगळं नव्या पॉलिसीचं लागू होतं.

चूक होऊन गेली असेल तर

पॉलिसीचा कागद हातात येताच पहिल्यांदा कव्हर कधी सुरू झालं ती तारीख, प्रत्येकाची सलग वर्षं आणि जुनी रक्कम बघा. काही चुकलं असेल, तर जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडून मेल करा आणि दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं लेखी दुरुस्तीपत्र) मागा. फोनवरच्या "होऊन जाईल" ला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

पोर्टऐवजी चुकून नवीन पॉलिसी निघाली असेल, तरी पहिल्या महिन्यात ते सावरता येतं. नवी पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, आणि जुन्या पॉलिसीची ३० दिवसांची सवलत संपायच्या आत तिथला हप्ता भरला तर वर्षं शाबूत राहतात. दोन्ही तारखा एका कागदावर लिहून काढा, कारण त्या एकाच दिवशी संपत नाहीत. आधी जुनी भरा, मग नवी परत करा. मावशीला हे कुणी सांगितलं नाही. तिने कागद थेट १४ महिन्यांनी, हॉस्पिटलमध्ये उघडला.

पोर्टिंग नीट होऊनही कंपनीने जुनी वर्षं न धरता क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. सोबत पोर्टेबिलिटी फॉर्मची प्रत, मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी आणि क्लेम नाकारल्याचं पत्र जोडा.