'अनबेअरेबली' वापरताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरच्या मुलांच्या इंग्रजी निबंधात एक शब्द हमखास येतो आणि हमखास चुकतो: अनबेअरेबली. परवा शिकवणीत कूलरसमोरची जागा धरून बसलेल्या एकाने लिहिलं, 'इट इज अनबेअरेबल हॉट.' लाल पेन टेकवण्याआधी म्हटलं, हेच मराठीत सांग बरं. "मॅडम, असह्य तापून राह्यलं ना!"

चूक तिथेच सापडली. आपलं 'असह्य' दोन्ही कामं करतं. 'असह्य ऊन' म्हटलं की विशेषण, 'असह्य तापतंय' म्हटलं की क्रियाविशेषण, रूप तेच. इंग्रजीत मात्र रूप बदलतं. 'द हीट इज अनबेअरेबल' बरोबर, पण 'हॉट' किती हे सांगायचं तर 'अनबेअरेबली हॉट'. काही जण उलट टोक गाठतात आणि 'इट इज अनबेअरेबली' म्हणून पूर्णविराम देतात. अरे, अनबेअरेबली काय? पुढे हॉट, लाउड, काहीतरी हवंच. क्रियापद असेल तर हा शब्द बहुधा त्याच्या मागून येतो: 'माय हेड एक्ड अनबेअरेबली.'

'व्हेरी अनबेअरेबली' तर लिहूच नका. सहनशक्ती संपली ती संपली, आणखी 'खूप' काय संपणार? 'ऑलमोस्ट' चालतं, कारण हद्दीच्या अलीकडे उभं राहता येतं. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, तो दिवस खरा अनबेअरेबली हॉट. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, म्हणजे यंत्रालाही अतिशयोक्ती आवरत नाही! पण फेब्रुवारीतल्या उन्हालाच हा शब्द वापरून टाकलात तर मेअखेरच्या नवतप्याला, त्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांना, काय म्हणाल?

स्पेलिंगमध्ये शेवटचा ई जाऊन त्या जागी वाय येतो. ई तसाच ठेवून एल-वाय चिकटवू नका. मधलं 'बेअर' अस्वलाच्या स्पेलिंगचं. त्याचा उच्चार 'बिअर' केलात तर मागचा बाक दहा मिनिटं हसतो.

हा शब्द नेहमी तक्रारीचाच असतो असंही नाही. इवल्याशा पिल्लाला 'अनबेअरेबली क्यूट' लाडाने म्हणतात. आणि लग्नाच्या पंगतीत ज्याला-त्याला स्वतःचा पगार सांगत फिरणाऱ्या पाहुण्यासाठी या शब्दाचा भाऊबंद जास्त शोभतो: 'इन्सफरेबली स्मग', म्हणजे सहन होऊ नये इतका स्वतःवरच खूश.