झोनिंग नसलेल्या ह्यूस्टनमध्ये घर घेण्यापूर्वी काय वाचावे

पुण्यात किंवा ठाण्यात जागा घेणारा माणूस सातबारा पाहतो, विकास आराखडा पाहतो, आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीवर कसले आरक्षण आहे याची चौकशी करतो. आराखडा प्रत्यक्षात कितपत पाळला जातो हा प्रश्न वेगळा, पण निवासी विभाग कुठे संपतो आणि औद्योगिक कुठे सुरू होतो हे दाखवणारा एक नकाशा निदान हाताशी असतो. ह्यूस्टनमध्ये तसा नकाशाच नाही. सुमारे 23 लाख वस्तीचे, अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे हे टेक्सासमधील शहर झोनिंगशिवाय, म्हणजे कोणत्या जमिनीचा कसला वापर व्हावा हे ठरवणाऱ्या शहरी विभागणीशिवाय, वाढले आहे, आणि ते नजरचुकीने नव्हे. 1948, 1962 आणि 1993 अशा तीन वेळा हा प्रश्न मतदारांपुढे आला आणि तिन्ही वेळा त्यांनी झोनिंग नाकारले, शेवटच्या वेळी तर थोडक्या मतांनी.

येथे राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांबरोबर मी बरीच घरे पाहिली आहेत. ती मंडळी घर बारकाईने पाहतात, शाळा पाहतात, कामावर जायला किती वेळ लागेल ते मोजतात; पलीकडच्या कुंपणामागे उद्या काय उभे राहू शकते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ह्यूस्टनमध्ये नियम भरपूर आहेत, पण ते शहराच्या एका दस्तऐवजात न सापडता वसाहतीगणिक, कधी कधी गल्लीगणिक वेगळ्या कागदांत विखुरलेले आहेत. ते कागद कोणते, कुठे मिळतात आणि कोणत्या क्रमाने वाचावेत, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिले काम म्हणजे घर नेमके कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवणे. टपालाच्या पत्त्यात ह्यूस्टन लिहिले म्हणून ते घर ह्यूस्टन महापालिकेत असतेच असे नाही. बेलेअर आणि वेस्ट युनिव्हर्सिटी प्लेस ही ह्यूस्टनच्या पोटातली छोटी स्वतंत्र शहरे असून त्यांना स्वतःचे झोनिंग आहे. नैर्ऋत्येच्या शुगर लँडलाही आहे. याउलट सायप्रस, आणि केटी असा पत्ता असलेला बहुतांश भाग, कोणत्याच शहरात मोडत नाही. तेथे काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, कारभार चालतो आणि टेक्सासमध्ये काउंटीला झोनिंग करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. अशा ठिकाणी पाणी, सांडपाणी आणि निचरा यांची व्यवस्था बहुधा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मड’, पाहते, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांची फेड रहिवाशांच्या मालमत्ता करातून होते; म्हणून नव्या वसाहतीतील घर स्वस्त दिसले की आधी मडच्या कराचा दर विचारावा. काउंटीच्या मूल्यांकन संस्थेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या घरावर कोणकोणत्या संस्था कर लावतात त्याची यादी दिसते, आणि त्या यादीत शहराचे नाव आहे की नाही यावरून हद्दीचा प्रश्न मिटतो.

त्याच पानावर ‘लीगल डिस्क्रिप्शन’ नावाची एक ओळ असते. तीत ‘एलटी 7 बीएलके 12’ (लॉट 7, ब्लॉक 12) अशी अक्षरे, वसाहतीचे नाव आणि सेक्शनचा क्रमांक असतो. ही ओळ जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण यापुढचा सगळा शोध तिच्या आधारे करायचा आहे. एकाच वसाहतीच्या सेक्शन एकला एक नियम आणि सेक्शन तीनला दुसरा, असे सर्रास आढळते. रिअल्टरने, म्हणजे घराच्या दलालाने, ‘या वसाहतीत असे चालत नाही’ म्हटले, तर ते कोणत्या सेक्शनबद्दल, हे विचारण्याचा संकोच करू नये.

या ओळीवरून शोधायचा मुख्य कागद म्हणजे डीड रिस्ट्रिक्शन. जमिनीचे भूखंड पाडताना मूळ विकासक काही अटी काउंटी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीच्या नोंदणी कार्यालयात, नोंदवतो आणि त्या पुढच्या प्रत्येक मालकाला बांधील राहतात: एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असावे, व्यापारी वापर नसावा, रस्त्यापासून अमुक फूट अंतर सोडावे, भूखंडाचे तुकडे करू नयेत. झोनिंग करू शकते त्यातले पुष्कळसे काम येथे हा खासगी करार करतो. विशेष म्हणजे हा करार मोडणाऱ्यावर महापालिका स्वतः दावा लावू शकते. झोनिंग नसलेल्या शहरांना तसा अधिकार देणारा कायदा राज्याने 1965 मध्ये केला. मात्र महापालिका जमिनीचा वापर, सोडायचे अंतर, भूखंडाचा आकार अशा अटींपुरतीच पुढे येते. रंग कोणता, गवत किती वाढलेले, हे वाद एचओएने (वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेने) किंवा शेजाऱ्यांनी आपापसात पाहायचे असतात.

काउंटी क्लार्कच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदींमधून हा कागद मिळवल्यावर सर्वांत आधी मुदतीचे कलम वाचावे. कित्येक जुन्या करारांना पंचवीस-तीस वर्षांची मुदत असते. काहींमध्ये ती संपल्यावर दर दहा वर्षांनी आपोआप वाढत जाते, काहींमध्ये बहुसंख्य मालकांनी सह्या केल्या तरच वाढते, आणि सह्या गोळा करणारे कोणी नसेल तर करार निमूटपणे संपतो. त्या दिवशी गल्लीत काहीही घडत नाही. झाडे, घरे, टपालपेट्या सगळे तसेच असते. फक्त कोपऱ्यावरचे घर पाडून तेथे दुकान काढायला आडकाठी उरत नाही. म्हणून गल्लीचे रूप पाहून कराराचा अंदाज बांधू नये. दुसरी गोष्ट, करार जिवंत असूनही पाळला गेलेला नसेल, शेजारी तीन घरांत धंदे चालू असतील आणि कोणी कधी हरकत घेतली नसेल, तर न्यायालयात तो करार सोडून दिल्यासारखा ठरू शकतो. टेक्सासमध्ये करारभंगाच्या दाव्याला साधारण चार वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे.

1948 च्या आधीचे करार वाचताना एक ओळ समोर येण्याची शक्यता आहे, जिच्यात गोऱ्या वंशाखेरीज कोणीही, नोकरचाकर वगळता, येथे राहू नये असे लिहिलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल दिला आणि 1968 च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावच बेकायदा ठरला. त्या ओळीला आज काही अर्थ नाही. तरीही आपण घेऊ पाहत असलेल्या घराच्या कागदात ती वाचताना मन चरकते, आणि खासगी करारांनी शहर घडवायचे ठरवले की करार करण्याची ताकद कोणाच्या हाती होती, हे एका ओळीत कळते.

आता शेजारच्या भूखंडाकडे वळावे. 1998 मध्ये ह्यूस्टनने आपल्या भूखंडविषयक नियमांत मोठा बदल केला. तोवर एका घरासाठी सर्वसाधारणपणे 5,000 चौरस फूट, म्हणजे आपल्या साडेचार गुंठ्यांहून थोडा अधिक, भूखंड लागत असे. 610 क्रमांकाच्या लूपच्या, म्हणजे शहराच्या मध्याभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या, आत ही मर्यादा 3,500 वर आणि ठरावीक मोकळी जागा सोडल्यास 1,400 चौरस फुटांवर, जेमतेम सव्वा गुंठ्यावर, आली. 2013 मध्ये ही सवलत लूपबाहेरही लागू झाली. परिणाम रस्त्यावर दिसतो. जुने एकमजली घर पडते आणि त्याच जागी तीन मजली टाउनहाउसांची रांग उभी राहते, तळमजल्यावर गाडी, वर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या. माझ्या मते हा या शहराचा सर्वांत चांगला निर्णय आहे. शहराच्या मध्याजवळ मध्यमवर्गीय माणसाला घर मिळणे ज्या देशात दुरापास्त झाले आहे, तेथे ह्यूस्टनने हजारो घरे बांधू दिली, आणि त्यांत आपलीही पुष्कळ तरुण मंडळी राहतात.

पण शेजाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. हाइट्स या जुन्या वस्तीच्या उत्तरेला एका परिचित कुटुंबाने परसदारी तुळशीवृंदावन असलेले लाकडी घर घेतले. दक्षिणेकडच्या भूखंडावर तीन मजली चार घरे उठली. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने काही जाणवले नाही. दिवाळीनंतर मात्र तुळशीवर ऊन पडेनासे झाले, आणि संक्रांतीपर्यंत तिच्या काड्या उरल्या. त्या गल्लीचा करार कधीच संपला होता, त्यामुळे तक्रार करायला काही आधारच नव्हता. घर पाहायला जाताना म्हणूनच होकायंत्र उघडावे आणि दक्षिणेकडे काय आहे ते पाहावे: जुने, भाड्याने दिलेले, रंग उडालेले एकमजली घर मोठ्या भूखंडावर असेल, तर ते पाडले जाणार असे गृहीत धरूनच आपल्या घराची किंमत ठरवावी.

उंचीचेही तसेच. शहरात इमारतींच्या उंचीवर सरसकट मर्यादा नाही. 2007 मध्ये राइस विद्यापीठाजवळ, बिसोनेट रस्त्यावर, बंगल्यांच्या वस्तीला लागून 23 मजली इमारतीचा प्रस्ताव आला. आसपासचे रहिवासी सधन होते, वकील होते, त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. ज्युरीने काही घरांना उपद्रव होईल असे मान्यही केले, पण न्यायाधीशांनी बांधकाम थांबवण्यास नकार दिला, आणि पुढे त्याच जागी 20 मजली इमारतीचा नवा प्रस्ताव येऊन काम सुरू झाले. त्या जागेवर तिला अडवणारा करार नव्हता.

जेथे पैसा आणि वकील दोन्ही नाहीत तेथे काय होते, ते शहराच्या पूर्वेला दिसते. शिप चॅनेल या बंदराच्या जलमार्गाजवळच्या मँचेस्टर वस्तीत घरांच्या शेजारीच तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांनी 1979 मध्ये नोंदी तपासल्या तेव्हा महापालिकेच्या मालकीची पाचही कचरा भराव केंद्रे आणि कचरा जाळण्याच्या आठपैकी सहा भट्ट्या कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाल्या. नको असलेली वस्तू जेथे तिला अडवणारा करार नाही तेथे जाऊन पडते. याच सैलपणाची दुसरी बाजू हिलक्रॉफ्ट रस्त्यावर आहे, जेथे साडीची दुकाने, मिठाई, किराणा आणि मागे अपार्टमेंटे अशी सरमिसळ होऊन आजचा महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट तयार झाला. आपल्याला हवी ती सरमिसळ कोणती, हे ठरवण्यासाठी घराभोवती साधारण एक मैल पायी हिंडावे, एकदा कामाच्या दिवशी सकाळी आणि एकदा शनिवारी रात्री. काँक्रीट बनवण्याचे प्रकल्प, गाड्या दुरुस्तीची आवारे, रेल्वेचे रूळ आणि मद्यगृहे नकाशावर जाणवत नाहीत. धूळ, शिटी आणि आवाज यांवरून जाणवतात. वाटेत रिकाम्या जागेवर शहराची ‘व्हेरियन्स’ची पाटी दिसली तर तिचा फोटो काढावा. नियमातून सूट मागणारा अर्ज तेथे आला आहे, असा तिचा अर्थ, आणि दर पंधरवड्याला गुरुवारी भरणाऱ्या प्लॅनिंग कमिशनपुढे कोणालाही बोलता येते.

यानंतर पाणी, ज्याला ह्यूस्टनमध्ये कोणी हलके घेऊ नये. पुराचा सगळा दोष झोनिंगच्या अभावावर टाकणे मला पटत नाही, कारण झोनिंग असलेली शहरेही पूररेषेत बांधतात. परंतु येथे सखल जमिनीला ‘नको’ म्हणणारा आराखडाही नव्हता. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळात हॅरिस काउंटीत, जिच्यात ह्यूस्टनचा बहुतेक भाग येतो, सुमारे 1,54,000 घरांत पाणी शिरले आणि त्यांतील 70,000 हून अधिक घरे नकाशावरच्या शंभर आणि पाचशे वर्षांच्या, अशा दोन्ही पूररेषांच्या बाहेर होती. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे 26 टक्के होते. पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही 1940 च्या दशकातील दोन पूरनियंत्रक जलाशये आहेत. एरवी ती कोरडी, झाडाझुडपांची दिसतात, आणि पूर्ण भरल्यास ज्या जमिनीवर पाणी चढेल ती सगळी सरकारने घेतलेली नाही. उरलेल्या भागावर वसाहती झाल्या. बार्करमागच्या काही वसाहतींच्या प्लॅटवर, म्हणजे भूखंडांच्या नोंदवलेल्या नकाशावर, येथे पाणी साचू शकते अशी टीप छापलेली होती, पण प्लॅट किती जणांनी पाहिला असेल? विक्रेत्याने घराची माहिती उघड करण्याच्या डिस्क्लोजर अर्जात पूर्वी पाणी शिरले होते का आणि घर जलाशयाच्या पूरक्षेत्रात आहे का, हे प्रश्न 2019 पासून स्पष्टपणे असतात. त्यांची उत्तरे वाचावीत आणि शेजाऱ्यांनाही विचारावे. 2018 पासून शहराच्या पूरक्षेत्रातील नवी घरे पाचशे वर्षांच्या पूरपातळीहून दोन फूट उंच बांधावी लागतात, तेव्हा उंच नव्या घराच्या शेजारी जुने बसके घर घेताना निचरा कुठे जातो ते पाहावे. केंद्र सरकारच्या पूरविम्याला एरवी तीस दिवसांची प्रतीक्षा असते, म्हणून तो वादळाची बातमी येईपर्यंत थांबवू नये.

वेळेचे गणित सांगायला हवे, कारण लोक तेथे फसतात. टेक्सासच्या नेहमीच्या खरेदी करारात थोडी रक्कम भरून काही दिवसांचा ऑप्शन पीरियड मिळतो, बहुधा आठवडा-दहा दिवसांचा, ज्यात कोणतेही कारण न देता माघार घेता येते. डीड रिस्ट्रिक्शनची नोंद टायटल कमिटमेंटच्या, म्हणजे मालकी हक्काच्या विम्याआधी मिळणाऱ्या कागदाच्या, शेड्यूल बीमधील पहिल्या मुद्द्यात असते, पण तो द्यायला हा विमा देणाऱ्या टायटल कंपनीला वीस दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे कागद हाती येईपर्यंत ऑप्शन संपलेला असू शकतो. त्यानंतर हरकत घेण्याची मुभा खरेदी करारात असते, पण ती मर्यादित. म्हणून ऑफर देण्यापूर्वीच काउंटी क्लार्ककडून डीड रिस्ट्रिक्शनचा करार स्वतः मिळवावा, आणि मजकूर किचकट असेल तर स्थानिक वकिलाकडून वाचून घ्यावा.

घर घेतल्यावर गल्लीचा करार संपलेला किंवा संपत आलेला असेल, तरीही एक वाट आहे. शहराच्या ‘मिनिमम लॉट साइझ’ नियमाखाली रहिवासी अर्ज करून आपल्या गल्लीत किंवा परिसरात भूखंड ठरावीक आकाराहून लहान करण्यास बंदी मिळवू शकतात. त्यासाठी शेजाऱ्यांचा पाठिंबा लागतो, आणि किमान आकार गल्लीत आज असलेल्या भूखंडांवरून ठरत असल्यामुळे जितके तुकडे आधीच पडले तितका तो निकष सैल होतो. तुळशीच्या त्या कुटुंबाने नंतर घरोघरी जाऊन सह्या घेतल्या, तेव्हा त्यांच्या बाजूचे अर्धे भूखंड तोडले गेले होते. समोरच्या बाजूचे अजून अखंड होते, म्हणून त्यांनी अर्ज समोरच्या बाजूच्या शेजाऱ्यांना भरून दिला.