नाकतोड्याचा श्वास कसा पाहावा

नाकतोड्याच्या तोंडाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी श्वास दिसायचा नाही. तो श्वास घेतो अंगाच्या दोन्ही कडांनी. छातीवर 2 आणि पोटावर 8, अशा श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात. तिथून निघालेल्या नळ्यांना बारीक फाटे फुटत जातात आणि हवा थेट पेशींपाशी पोचते. प्राणवायू वाहून नेण्याचं काम रक्ताकडे नसतंच.

अंगावर मेणाचा पातळ थर असल्यामुळे कातडीतून पाणी फार जात नाही. पण नळ्यांची आतली टोकं ओलसर असतात, त्यामुळे रंध्र उघडलं की वाफ बाहेर पडते. म्हणून रंध्रांना झडपा असतात, आणि आपल्याला बघायच्यात त्या झडपाच.

नाकतोडा मोठा निवडा. झुरळ नको, त्याचे पंख पोट झाकून टाकतात. काचेच्या बरणीत एक खरबरीत काडी ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, बरणी सावलीत ठेवा. तो निवांत होईपर्यंत हलवू नका. मग 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बाजूनं उजेड पाडा.

मधल्या पायाच्या बुडाच्या किंचित वर नजर लावा. दोन इवल्या ओठांसारखी झडप मिटताना-उघडताना दिसेल. मला हे बघायचा कंटाळा कधीच आलेला नाही. पोटही लयीत चपटं होतं, फुगतं. नाकतोड्यांच्याच जातकुळीतल्या टोळांमध्ये साधारणपणे पुढच्या 4 जोड्यांतून हवा आत येते, मागच्या 6 जोड्यांतून बाहेर जाते.

आता नळीनं बरणीत एकदाच हळू उच्छ्वास सोडा. त्यात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. पोटाची लय वाढते, झडपा जास्त वेळ उघड्या राहतात. लगेच कापड काढून हवा बदला, कारण उघड्या झडपेतून त्याचं पाणी जात असतं. रंध्रांवर तेल किंवा व्हॅसलीन मात्र लावू नका. त्यानं जीव गुदमरतो, कळत काहीच नाही. झालं की त्याला पकडलं तिथंच गवतात सोडा.

पतंगाचा कोष मिळाला तर कडेची रंध्रांची रांग जरूर बघा. मोठ्या पतंगांच्या काही कोषांत झडपा तासन्‌तास जवळपास बंद असतात आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड मग एकदम बाहेर सोडला जातो. हे जादा प्राणवायूपासून पेशी वाचवण्यासाठी असावं, असं हेट्झ आणि ब्रॅडली या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलं. मला पाण्याचं कारणही तितकंच पटतं: कोष काही खात-पीत नाही, पतंग बाहेर येईपर्यंत आत आहे तेवढ्या पाण्यावरच त्याला भागवायचं असतं.