पीएचडीचा पहिला पावसाळा वाया जाऊ नये म्हणून: ओढ्यावर व्ही-नॉच बसवताना

पाणलोट आणि दरडींवर संशोधन करायचं तर हिशोब वर्षांचा नको, पावसाळ्यांचा करा. फेलोशिपची पाच वर्षं कागदावर असतात. कोर्सवर्क आणि प्रबंधलेखन वजा जाता मोजणीला जेमतेम तीन पावसाळे उरतात. म्हणून सह्याद्रीतल्या ओढ्यावर व्ही-नॉच, म्हणजे ओढ्याचं पाणी मोजायला आडवा लावलेला व्ही आकाराच्या खाचेचा पत्रा, मेअखेर उभा हवाच. वनजमीन असेल तर परवानगीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.

ओढ्याचा सरळ, संथ पट्टा निवडा. पत्र्यात ९० अंशांची खाच कापा; धार १–२ मिमी, तासलेली बाजू खालच्या अंगाला. खाचेचं खालचं टोक ओढ्याच्या तळापासून, टोकावर चढणाऱ्या पाण्याच्या अपेक्षित कमाल उंचीच्या दुप्पट तरी वर हवं. पाणी बहुतेक वेळा पत्र्याखालूनच निसटतं, तेव्हा पत्रा तळात पुरून दोन्ही अंगांना चिकणमाती तुडवून बसवा.

मोजपट्टी खाचेत धरू नका, तिथे पाणी आधीच झुकलेलं असतं. कमाल उंचीच्या चौपट अंतरावर, वरच्या अंगाला ती रोवा आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाशी गवंड्याच्या लेव्हल-नळीने जुळवा. इथे कंटाळा केला तर सगळी आकडेवारी बिघडते. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी (घनमीटर प्रति सेकंद), येतो १.३८ गुणिले उंचीचा (मीटर) २.५ वा घात. १० सेंमीला सुमारे ४.४ लिटर प्रति सेकंद येतात. तिथे एकाच सेंमीची चूक विसर्ग २७ टक्क्यांनी फुगवते.

उंची ५ सेंमीच्या खाली गेली की पाणी पत्र्याला चिकटून ओघळतं आणि सूत्र लागू पडत नाही. तेव्हा २० लिटरची बादली आणि स्टॉपवॉच बरं. पत्र्यामागचा गाळ दर आठवड्याला उपसा. डोह उथळ झाला की पाणी वेगाने येतं आणि विसर्ग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. जुलैत ओढा पत्र्यावरून जाईल, तेव्हा काठावरच्या पुराच्या खुणा रंगवून ठेवा. नंतर ओढ्याचा आडवा छेद मोजून मॅनिंगच्या सूत्राने (छेद, उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढणारं) विसर्गाचा अंदाज काढता येतो, पण खडबडीतपणाचा गुणांक शेवटी अदमासानेच धरावा लागतो.

जवळच पर्जन्यमापक लावा, तासाच्या नोंदीचा. माळीण (२०१४) किंवा तळीयेसारख्या (२०२१) दरडींच्या अभ्यासाला दिवसाची बेरीज पुरत नाही.

मुसळधार पावसात ओढा अचानक ओसरला तर वर दरडीने पाणी तुंबलं असण्याची शक्यता असते. मोजणी सोडा, ओढ्याच्या कडेने खाली न धावता बाजूने उंचावर चढा आणि खालच्या वाडीला फोन करा.